वीणा खाली ठेवायची नाही

आबासाहेबांचा देवावर पूर्ण विश्वास होता, गावावर मात्र अजिबात नव्हता. पेडगावहून जीपनं थोडं आत गेलं की त्यांचं गाव लागतं. तिथल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल, आणि सांगताना हसेल. पहाटे विहिरीवर अंघोळ, कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, पांढरंशुभ्र धोतर आणि मग मारुतीच्या देवळात हात जोडून उभं राहणं, असा त्यांचा नेम. नेमात खोट काढायला जागा नव्हती. पण हात जोडून ते देवाशी बोलतात काय, हे एकदा गुरवानं खांबाआडून ऐकलं, आणि दिवस मावळायच्या आत ते गावभर झालं.

"मारुतीराया," आबासाहेब म्हणत होते, "लिंबाजीनं काल पुन्हा तंबाकू खाल्ली. जीवन एकादशीला हाटेलात भजे खायलाय, मी माझ्या डोळ्यानं बघितलं. ह्या गावात तुझं म्हनून काही उरलं असंल, तर ते आपल्या दोघातच हाय."

अशी देवापुढं रोज हजेरी व्हायची, फक्त ती गावाची असायची.

माणूस वाईट नव्हता हो. एका कोरड्या साली त्यांनी आपली विहीर सगळ्या गावाला मोकळी करून दिली होती. जातपात न बघता प्रत्येकाला पाणी भरू दिलं. पण स्वतः काठावर उभे राहिले, आणि कोण घागर न विसळता बुडवतं तेही बघून ठेवलं. त्या पाण्यावर गाव जगलं, आणि त्या बोलण्यानं गाव बेजारही झालं. त्यांच्या पत्नी कमलबाई म्हणायच्या, "आमचे मालक देतेत लय मोठ्या हातानं. पर घेनाऱ्याला त्या हाताचा ठोसा बी बसतोच."

आबासाहेबांचा जीव ज्या एका गोष्टीत अडकलेला होता ती म्हणजे सप्ताह. हनुमान जयंतीच्या आधी देवळापुढं मंडप पडायचा आणि सात दिवस नामस्मरण चालायचं. हा सप्ताह त्यांच्या वडलांनी सुरू केलेला. त्यातला सगळ्यात कडक नेम वीणेचा. पहिल्या दिवशी वीणा एकदा गळ्यात पडली की सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला अडकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्यानं यायचं. येणाऱ्यानं वीणेकऱ्याच्या पायाला हात लावायचा, वीणेकऱ्यानं येणाऱ्याच्या, आणि मग वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जायची. समोर लहानथोर कुणीही असो, पाया पडल्याशिवाय वीणा हलत नाही. वडलांनी शेवटच्या दुखण्यात आबासाहेबांचा हात धरून सांगितलं होतं, "बाकी काही कमीजास्त झालं तर होऊ दे, वीना तेवढी खाली ठिवू देऊ नको." आबासाहेबांनी ते काळजावर कोरून घेतलं होतं.

आता बायनाबाईबद्दल सांगायला हवं. ही बाई आठवडी बाजारात बोंबील आणि सुकट विकायची. मोठ्या आवाजाची, मोठ्या हसण्याची. तिच्या पालासमोरून जाताना आबासाहेब उपरण्याचं टोक नाकाला लावायचे, आणि ती मुद्दाम हाळी द्यायची, "घ्या की आबासाहेब, ताजे हायेत!" काही वर्षांपूर्वी सप्ताह चालू असताना ती देवळाच्या पायरीशी आली आणि म्हणाली, "आबासाहेब, एक पहारा मला द्या. ल्हानपनापासून लय हौस हाय."

मंडपात पाचपन्नास माणसं होती. आबासाहेब तिथूनच म्हणाले, "बोंबलाच्या हातानं वीना धरतीस का? आधी हाताचा वास घालव, मंग ये."

लोक हसले. बायनाबाईनं आपलाच हात नाकाशी नेला, वास घेतला आणि तीही हसली. "हा काय जायचा न्हाई बगा. ह्याच्यावर तर पोट हाय," असं म्हणून ती गेली. त्यानंतर दर सप्ताहात ती मंडपामागं स्वयंपाकाच्या जागी दिसायची. माणूस आत बसेल एवढाली पातेली राखेनं घासायची आणि घासता घासता नामस्मरणाला आपला सूर लावायची. तिथं हाताचा वास कुणी घेत नव्हतं.

यंदा आबासाहेबांच्या अंगात सोवळं जरा जास्तच संचारलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माइकवर जाहीर केलं की वीणेकऱ्याच्या अंगावर धोतरच पाहिजे, तोंड मोकळं पाहिजे, फोन घरी पाहिजे, आणि वीणा गळ्यात असेपर्यंत तोंडातून देवाच्या नावाशिवाय दुसरा शब्द निघता कामा नये. पाथरीहून आलेला साउंडवाला धम्मपाल भोंगे बांधत होता, त्यालाही हुकूम सोडला. "आवाज पार शिवारात गेला पायजे. कापसात काम करनाऱ्या मानसाला बी नाव ऐकू आलं पायजे."

"शिवारात काय, पेडगावात नेऊन सोडतो," धम्मपाल म्हणाला, आणि त्यानं चार दिशांना चार भोंगे लावले.

मग चाळणी सुरू झाली. शाळेतला शिपाई घाईघाईत पँटवर आला, त्याला मंडपाच्या दारातूनच माघारी धाडलं. एकानं वीणा घेऊन जांभई दिली, त्याची वीणा काढून घेतली. तिसऱ्या दिवशी जीवनचा पहारा होता. पोरगं किराणा दुकानातून धावत आलं, मनापासून उभं राहिलं, आणि त्याच्या खिशात फोन वाजला. वाजला तो वाजला, लावणी वाजली. "देवाच्या दारात तमाशा मांडायलास का?" आबासाहेब असे कडाडले की जीवन सगळ्यांदेखत रडवेला झाला.

पाचव्या दिवशी लिंबाजीची पाळी आली. लिंबाजी म्हणजे आबासाहेबांचा बालमित्र. एकाच बैलगाडीत वाढलेले दोघं. वीणा गळ्यात घालताना आबासाहेबांना त्याचा गाल फुगलेला दिसला.

"तोंडात काय हाय?"

लिंबाजीनं गाल चाचपला. "तंबाकू. ध्यानातच राह्यलं न्हाई. पर आबा, नाव बी ह्याच तोंडात हाय की."

"थुंकून ये."

"थुंकतो," लिंबाजी म्हणाला, "पर येत न्हाई आता. तू एकटाच पवित्र हायस, तूच उभा ऱ्हा." तो गेला, आणि त्याच्यामागं आणखी दोघंतिघं उठून गेले.

आबासाहेबांना वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर बरं वाटलं. सप्ताह कसा निवळल्यासारखा वाटला. सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी वीणा गळ्यात घेतली तेव्हा मंडपात सतरंज्या होत्या, मारुती होता आणि ते होते. चाळता चाळता चाळणीत एकटेच उरले होते, आणि त्यातही त्यांना मोठेपणाच वाटत होता. गाव सगळं मागं शाळेच्या पटांगणात, उद्याच्या पंगतीसाठी बुंदी पाडायच्या कामात. धम्मपाल मशीन चालू ठेवून चहाला गेलेला. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं, म्हणून आबासाहेबांनी वीणा घ्यायच्या आधी थंडगार मठ्ठ्याचे दोन तांबे रिचवले होते. कमलबाईंनी अडवलं होतं. "तुमाला शुगर हाय. इतकं पिऊन उभं राहनार कसं?" यावर ते म्हणाले होते, "देवाच्या कामात देह आड येत न्हाई."

देह थोडा वेळ आड आला नाही. मग हळूहळू येऊ लागला.

प्रथम त्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. "रामकृष्ण हरी" संथ चालू होतं. मग या पायावरचा भार त्या पायावर गेला. मग ते मंडपात फेऱ्या मारू लागले. पहारा संपायची वेळ झाली, टळली, आणि आता पुढं कोण, असा विचार मनात आला तेव्हा त्यांना घाम फुटला. पुढं जीवन होता, जीवनला त्यांनी घालवलं होतं. त्याच्या जागी शिपाई आला असता, त्यालाही घालवलं होतं. लिंबाजी तर ऐन मध्यरात्रीही हाक मारली असती तर आला असता.

हाक मारायची सोय नव्हती. देवाच्या नावाशिवाय शब्द नाही, हा नेम त्यांचाच. वीणा खाली ठेवायची नाही, हा वडलांचा. वीणा गळ्यात घेऊनच मंडपामागं जाऊन यावं का, असा एक विचार येऊन गेला, आणि तो आल्याबद्दल त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, ती माइकवर स्पष्ट ऐकू गेली.

नामाची लय वाढली. "रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी" घाईला आलं. चारी भोंग्यांतून ते शिवारात चाललं होतं. पटांगणात म्हणे झारा हलवणारा आचारी थांबला आणि म्हणाला, "आज आबासाहेबाला भलतीच गोडी लागली की!" कमलबाईंनी कान दिला आणि कपाळाला हात लावला. बायकोला बाकी कुणापेक्षा जास्त कळतं. पण त्या लगेच उठल्या नाहीत. थोडं होऊ दे, असं त्यांच्या मनात आलं, आणि हे त्यांनी पुढं कबूलही केलं.

इकडं आबासाहेब मारुतीसमोर येऊन उभे राहिले. पाय एकमेकांत गुंफलेले, कपाळावर गंध वितळून नाकावर आलेलं. देवाशी बोललं तर नेम मोडत नाही, एवढी पळवाट त्यांना सापडली. ते पुटपुटू लागले. माइक त्यांच्या छातीशीच वीणेला लावलेला होता, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"मारुतीराया, सारं आयुष्य तुझ्या दारात आलो. एक दिवस चुकलो न्हाई. कधी अभक्ष्य तोंडात घातलं न्हाई. एकादशी मोडली न्हाई. सोवळं मोडलं न्हाई. तू बघितलंस का न्हाई? मंग आता जरा वेळ कळ सोसायची ताकद दे."

मारुती शेंदरात उभा होता तसा उभा राहिला. कळ वाढली.

"मी दान केलंय. विहीर दिलीय. मंडपाचा खर्च..." आणि पुढं त्यांना काही आठवेना. सगळं पुण्य जिभेवर आलं, संपलं, आणि त्या एवढ्या पुण्याईनं घटकाभराची साधी अडचण निभत नव्हती. आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील आठवले. वडलांच्या हातची वीणा आठवली. आपण आता या मूर्तीसमोर एक तर वीणा ठेवणार, नाहीतर धोतर ओलं करणार, आणि दोन्हीत आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही, हे त्यांना लख्ख कळलं. ज्यांना शिव्या घातल्या त्यातला एक जरी आत्ता समोर असता तर त्याचे पाय धुतले असते, असं त्यांना वाटलं. मनापासून वाटलं.

"देवा," ते म्हणाले, आणि हा आवाज आतापर्यंत गावानं कधी ऐकला नव्हता, "कुनीबी पाठव. पँटवाला पाठव, तंबाकूवाला पाठव, कुनीबी. मी काही इचारनार न्हाई. लेकरू हाय तुझं. लय जोरात लागलीय रे."

चारी भोंगे ते वाक्य शिवारात घेऊन गेले. कापसाच्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या बायका बांधावर बसून हसल्या.

पटांगणात तर हसून हसून माणसं लोळायला लागली. लिंबाजी उठला खरा, पण हसण्यानं त्याला चालवेना. तो पुन्हा खाली बसला. तेवढ्यात पातेल्यातून डोकं बाहेर काढून बायनाबाई म्हणाली, "कुनीबी म्हनलेत न्हवं?" आणि कुणी काही बोलायच्या आत राखेचे हात लुगड्याला पुसत ती मंडपाकडं धावत सुटली.

पायरीशी येऊन मात्र ती थबकली. आत पाऊल न टाकता तिनं विचारलं, "आबासाहेब, 'कुनीबी'त मी बसती का?"

आबासाहेबांनी वळून बघितलं. बायनाबाईच्या कोपरापर्यंत राख, कपाळावर बटा, दम लागलेला. त्या क्षणी त्यांना तिच्याइतकं सुंदर माणूस जगात दुसरं दिसलं नसतं. "ये माय," नेम विसरून ते म्हणाले, "लवकर ये."

ती आली. नेमाप्रमाणं तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. आता त्यांची पाळी. गावातला सगळ्यात सोवळा माणूस, कंबर सांभाळत, एका हातानं वीणा धरून, बोंबीलवालीच्या धुळीनं भरलेल्या पायांवर वाकला. घाई होती म्हणून ते चटकन वाकले हे खरं. पण उठायला त्यांना उगाच एक श्वास जास्त लागला, हेही खरं. वीणा गळ्यातून गळ्यात गेली. जमिनीला टेकली नाही.

आणि मग आबासाहेब जे पळाले! असं पळताना त्यांना शाळेनंतर कुणी बघितलं नव्हतं. चहा घेऊन परतणाऱ्या धम्मपालनं त्यांना वाट करून दिली आणि मशीनवर जाऊन आवाज थोडा कमी केला, कारण बायनाबाईला माइकची गरजच नव्हती.

आबासाहेब हातपाय धुऊन परत आले तेव्हा मंडप भरलेला होता. बुंदी टाकून अर्धं गाव आलं होतं. बायनाबाई डोळे मिटून मधोमध उभी होती. वीणा तिला उंचीला मोठी होत होती, तार भलत्याच जागी वाजत होती, ताल कुठल्या कुठं चालला होता, आणि गालांवरून पाणी वाहत असताना तोंड हसत होतं. लोक तिच्यामागून म्हणत होते. बेसनानं पिवळ्या झालेल्या हातांनी जीवन टाळ्या वाजवत होता. लिंबाजी टाळ वाजवत होता, आणि त्याचा गाल फुगलेला होता.

आबासाहेबांच्या जिभेवर सवयीनं सगळं आलं. पाय न धुता आत आलेत. बेसनाचे हात. ही तंबाकू. हा ताल. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

बायनाबाईनं डोळे उघडून त्यांच्याकडं बघितलं. त्यांना वाटलं, वीणा परत द्यावी म्हणून बघतेय. त्यांनी हात पुढं केला.

"आत्ता तर घेतलीय की," ती म्हणाली. "माझा पहारा होऊ द्या. तुमी बसा निवांत."

तिनं देवाच्या नावाशिवाय शब्द काढला होता. नेम मोडला होता. आणि आबासाहेबांना हसू आलं. आधी गालात आलं, मग पोटात गेलं, मग खांदे हलायला लागले. लाज वाटत होती, फार वाटत होती, पण इतक्या वर्षांचं काही तरी उतरल्यासारखं मोकळंही वाटत होतं. आणि हे मी मघाच्या मोकळेपणाबद्दल सांगत नाही. ते लिंबाजीजवळ गेले.

"सरक जरा."

"बस," लिंबाजी म्हणाला. "मळंल बर का धोतर."

"मळू दे. लिंबाजी, मी तुला लय बोललो."

"बोललास. तू बोलतोसच." लिंबाजीनं टाळांचा दुसरा जोड त्यांच्याकडं सरकवला. "पर भोंग्यावर मागितलंस ते ऐकून सारा राग गेला बग. सगळ्या गावाचा गेला."

आबासाहेब मांडी घालून खाली बसले. उभ्यानं सगळ्यांवर नजर ठेवायची सवय, त्यामुळं बसल्यावर त्यांना समोर फक्त मारुती दिसला, आणि माणसांच्या पाठी. मागून कमलबाई येऊन टेकल्या. त्यांच्या अंगाला साखरेच्या पाकाचा वास येत होता.

"आवं," त्या कानाशी म्हणाल्या, "सारी उमर देवापुढं उभं राहून तुमी गावाचं गाऱ्हानं सांगितलं. त्यानं एक ऐकलं न्हाई. आज पयल्यांदा स्वतःचं सांगितलं, तर बगा, किती झटक्यात ऐकलं."

"देवानं कुठं ऐकलं?" आबासाहेब म्हणाले. "बायनाबाईनं ऐकलं."

"मी बी तेच म्हनायली," कमलबाई म्हणाल्या.

आबासाहेबांनी टाळ उचलले आणि बायनाबाईच्या चुकलेल्या तालात आपला ताल मिळवला.